गच्ची कुणाच्या नावाची?

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९२ साली आजव्याचे पाणी बडोद्यात आणले. ते तापवण्याची सोय मात्र ज्याची त्याने केली. आपल्या वाड्यांत आधी तांब्याचा बंब होता. मग गिझर आला आणि लाइट बिल वाढले.

आज हेच पाणी गच्चीवरच्या सौर पॅनलच्या विजेवर तापवता येते. हिशेब सोपा आहे. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यास सुमारे ३ युनिट वीज लागते. १ किलोवॅटचे पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट देते. सकाळच्या आंघोळीला ऊन नसते, तरी अडत नाही. दुपारची जादा वीज मीटरमधून वीज कंपनीच्या तारेत जाते व बिलात वळती होते. नुसते पाणी तापवणारा सोलर बंब हे काम कमी जागेत करतो, हे खरे. पण जड पाण्याने त्याच्या नळ्यांत क्षार साचतात आणि उन्हाळ्यात तो जवळजवळ रिकामाच बसतो. पॅनल त्या दिवसांत पंखे चालवते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत केंद्र सरकार १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान देते. योजनेची मुदत २०२६-२७ पर्यंत आहे.

मग दांडिया बाजार, रावपुऱ्यातले आपले वाडे मागे का? पैसा हे एकच कारण नव्हे. योजनेला स्वतःचे घर व चालू वीजजोडणी लागते. आपल्याकडे कित्येक घरांत लाइट बिल आजोबांच्या नावे, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर पणजोबा आणि गच्चीवर चार चुलत भावांचा हक्क!

म्हणून मत मागायला येणाऱ्या उमेदवाराकडे, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपली एकच मागणी असावी : वारसनोंद, वीजजोडणीचे नाव आणि सौर अर्ज ही तिन्ही कामे एकाच शिबिरात, आपल्या वॉर्डात करून द्या.

पण आधी चुलत भावांनी एकत्र बसून संमतिपत्रावर सह्या कराव्यात. ते काम कोणतेही सरकार करून देणार नाही.