सभापतींची यादी म्हणजे संसदेचा इतिहास नव्हे

१/ दक्षिण आफ्रिकेच्या नॅशनल असेंब्लीच्या सभापतींविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा कौतुकाने. १९९४ पासून या आसनावर सात व्यक्ती बसल्या. त्यांपैकी सहा स्त्रिया, आणि पहिल्या फ्रेनी जिनवाला भारतीय वंशाच्या पारशी. कौतुक रास्तच आहे, पण ते अपुरे आहे.

२/ सभापतीची कसोटी एकच. स्वपक्षाचे सरकार अडचणीत आले, तेव्हा आसनाने सभागृहाची बाजू घेतली की सरकारची?

३/ जिनवालांनी सुमारे तीन दशके निर्वासितावस्थेत काढली होती. तरीही २००१ मध्ये शस्त्रखरेदी प्रकरणात लोकलेखा समितीच्या अहवालाचा त्यांनी लावलेला अर्थ सरकारच्या सोयीचा आहे, अशी टीका झाली. त्याग हा निःपक्षपातीपणाचा पुरावा ठरत नाही.

४/ २०१४ मध्ये बालेका म्बेटे पुन्हा सभापती झाल्या, त्या वेळी त्या सत्ताधारी एएनसीच्या राष्ट्रीय चेअरपर्सनही होत्या. राष्ट्राध्यक्ष झुमा यांच्या न्कांडला येथील खासगी निवासावरील सरकारी खर्चातून त्यांना दोषमुक्त करणारा असेंब्लीचा ठराव संविधान न्यायालयाने ३१ मार्च २०१६ रोजी रद्द केला.

५/ २०१७ मध्ये झुमांविरुद्ध अविश्वास ठराव आला. गुप्त मतदानाचा अधिकारच आपल्याला नाही, अशी म्बेटे यांची भूमिका होती. २२ जून रोजी न्यायालयाने सांगितले की तो आहे. ८ ऑगस्टला गुप्त मतदान झाले. एएनसीचे २४९ सदस्य असूनही ठरावाविरुद्ध पडली केवळ १९८ मते. ठराव फेटाळला गेला. पण पक्षादेशाखाली काय दडले होते, ते उघड झाले.

६/ यातील विसंगती पाहा. एकाहून अधिक उमेदवार असल्यास स्वतः सभापतीची निवड संविधानानुसार गुप्त मतदानानेच होते. ज्या संरक्षणामुळे हे आसन मिळते, तेच इतरांना देताना हात का आखडावा?

७/ ‘सभापती सर्वत्र पक्षाचेच असतात’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. पक्षातून येणे वेगळे आणि आसनावर बसून पक्ष चालवणे वेगळे. ही सीमा जपणे अशक्य असते, तर न्यायालयाने सभापतींकडे निर्णय सोपवताना निःपक्षपातीपणाची अपेक्षा ठेवली नसती.

८/ २०२४ मध्ये एएनसीने बहुमत गमावले आणि थोको डिडिझा इतर पक्षांच्या पाठिंब्याने सभापती झाल्या. त्यांचेही मूल्यमापन ‘कितव्या महिला सभापती’ या आकड्याने करू नका. सरकारला नकार देण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी काय केले, ते नोंदवा. इतिहास तिथे असतो.