कसणाऱ्याचं नाव कागदावर हवं
माझ्या आईच्या खात्यावर वर्षातून तीनदा ‘पीएम-किसान’चे दोन-दोन हजार रुपये जमा होतात. आम्ही म्हैसूरच्या अग्रहारात राहतो. नंजनगूड तालुक्यातली दोन एकर भातजमीन आईच्या नावावर आहे आणि ती गावातला एक रैत गुत्तिगेनं, म्हणजे तोंडी ठरलेल्या खंडानं कसतो. नांगरट, लावणी, मजुरी सगळं त्याच्या खिशातून. पाऊस फिरला तर बुडतोही तोच. पण या सहा हजारांतला एक रुपयाही त्याला मिळत नाही.

नियमच तसा आहे. 2019 साली ही योजना आली ती दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांसाठी. त्याच वर्षी ती सगळ्या जमीनधारकांना लागू झाली. प्राप्तिकर भरणारे वगळले, पण आधार राहिला तो जमिनीच्या मालकीचाच. आपल्या सातबाऱ्याला इकडे पहाणी म्हणतात. सोसायटीचं बिनव्याजी पीककर्ज असो की पीक गेल्यावरची भरपाई, आधी पहाणीवरचं नाव बघतात.

त्याच्यापर्यंत पोचतं ते मालातून आलेलं अनुदान. 45 किलो युरियाची गोणी त्यालाही 266 रुपये 50 पैशांनाच मिळते, कारण सवलत किमतीतच आहे. कर्नाटकात 10 अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे. मीटर कुणाच्याही नावावर असो, पाणी उभ्या पिकालाच जातं. थेट खात्यात पैसे आल्यानं मधले दलाल गेले, हे चांगलंच झालं. पण खातं कुणाचं, हा प्रश्न तसाच राहिला.

हे आमच्या जिल्ह्यात चालावं, याचं मला फार वाईट वाटतं. हुणसूर तालुक्यातले देवराज अरस मुख्यमंत्री असताना 1974 साली भूसुधारणा कायदा कडक झाला आणि असंख्य कुळं मालक झाली. मात्र खंडानं जमीन देणंच जवळपास बंद केल्यामुळे आजचा खंड कागदावर येत नाही. लिहून दिलं तर जमीन जाईल, ही मालकाची भीती. लिहून मागितलं तर पुढच्या हंगामाला जमीन मिळणार नाही, ही रैताची.

आंध्र प्रदेशानं 2019 मध्ये कायदा करून कसणाऱ्याला 11 महिन्यांचं कार्ड दिलं आणि मालकीला धक्का लागणार नाही याची हमी दिली. पण त्यावर मालकाची संमती लागते आणि गाडं तिथेच अडतं. कर्नाटकाला आणखी पुढे जाता येईल. महाराष्ट्रात ई-पीक पाहणी होते तशी इथे ‘बेळे समीक्षे’ होते. कुठल्या सर्व्हे नंबरात कुठलं पीक आहे, ते मोबाइलवर नोंदलं जातं. त्यात कसणाऱ्याचं नावही घ्या. शेजारच्या शेतकऱ्यांची साक्ष घ्या, यादी ग्रामसभेत वाचा. आणि या नोंदीनं जमिनीवर कुठलाही हक्क निर्माण होत नाही, असं कायद्यातच स्पष्ट लिहा.

सुरुवात नुकसानभरपाईपासून करा, कारण तिथे बुडालेला पैसा सरळसरळ कसणाऱ्याचा असतो. पीककर्ज त्यानंतर आणि शेवटी ‘पीएम-किसान’. तेव्हा आईचे सहा हजार बंद झाले तर व्हावेत. जमीन आमची आहे, तिचा खंड आम्हाला मिळतो. शेतीसाठी दिलेली मदत शेती करणाऱ्यालाच मिळाली पाहिजे.