‘परस्परसंमती’च्या पलीकडे

प्रशासकीय सेवेत असताना मी हजारो नस्त्यांवर शेरे लिहिले. त्यांतील फार थोडे आज आठवतात. २००९ मधील एक मात्र विसरता येत नाही. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा नुकतीच देऊ केली होती. माझ्या हाताखालील एका महिला अधिकाऱ्यांनी दम्याने त्रस्त मुलीसाठी तीन महिन्यांची रजा मागितली. ही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे नियमातील वाक्य मला तोंडपाठ होते. ‘प्रशासकीय निकड लक्षात घेता विनंती अमान्य’ असे लिहून मी नस्ती परत पाठवली. वर्षभरात त्यांनी राजीनामा दिला. अहवालांची छाननी आणि टिप्पणीलेखन हे त्यांचे काम घरी बसूनही होऊ शकते, हे मला उमगले ते २०२० च्या टाळेबंदीत, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, तेच काम अवघे कार्यालय घरून करू लागले तेव्हा.

माझा तो निर्णय नियमबाह्य नव्हता, आणि खरा प्रश्न नेमका तेथेच आहे. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. त्याच दुरुस्तीने कामाचे स्वरूप अनुकूल असल्यास रजेनंतर घरून काम करण्याची मुभा दिली. परंतु ती मालक आणि कर्मचारी स्त्री यांच्या परस्परसंमतीवर सोपवली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच रचना कायम आहे. तान्हे मूल घरी ठेवून परतणारी स्त्री आणि तिची बढती ज्याच्या हाती आहे तो वरिष्ठ यांच्यात ‘परस्पर’ असे कितीसे असते? मालकाने विनंतीला लेखी उत्तर द्यावे, नकाराचे कारण सांगावे, एवढेही बंधन या तरतुदीत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे १९२८ सालच्या मुंबई विधिमंडळाची आठवण होते. कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याचे सांगितले होते आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली होती. १९२९ मध्ये कायदा झाला, पण भार मालकावरच राहिला. कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगार वगळले, तर आजही २६ आठवड्यांचे वेतन मालकच देतो. नोकरीच्या मुलाखतीत तरुण विवाहितेकडे भावी खर्च म्हणून पाहिले जाते, त्याचे एक मूळ येथे आहे.

घरून कामाकडे या कोंडीवरचा उपाय म्हणून पाहिले जाते, कारण त्यात मालकाचा खर्च थोडा आणि स्त्रीची नोकरी शाबूत. हे मला मान्य आहे. पण घर हे कामाचे ठिकाण असणे आपल्याकडे मुळीच नवे नाही. सोलापूर, निपाणी, सागर, मुर्शिदाबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या स्त्रिया मांडीवर मूल आणि पुढ्यात विडीचे सूप घेऊन बसत आल्या आहेत. त्यांना मूल सांभाळण्याची सवलत मिळाली, पण तिची किंमत तुकड्यावरची मजुरी, विखुरलेपण आणि न संपणारा दिवस ही होती. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरखेप कामगारांना संरक्षण दिले, तेव्हा कारखानदार न्यायालयात गेले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. संगणकासमोर बसलेल्या आईचे वेतन कितीतरी अधिक आहे. परंतु नियमांविना घरून काम म्हणजे काय होते, हे विडी कामगार स्त्रीने आपल्याला आधीच दाखवून दिले आहे.

शिवाय घरातले काम कोण करतो? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटे खर्च करतात, तर पुरुष ८८. घरून काम ही केवळ मातांची सवलत ठरली, तर ही दरी रुंदावेल आणि कार्यालयातील महत्त्वाच्या बैठकांतून स्त्री आणखी दूर जाईल. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पितृत्व रजा मिळते ती १५ दिवस. खासगी क्षेत्रातील पित्याला तेवढाही वैधानिक हक्क नाही.

म्हणून मार्ग तीन. पहिला, मातापिता दोघांनाही लवचिक कामाची विनंती करण्याचा वैधानिक हक्क. ब्रिटनमध्ये २००३ पासून लहान मुलांच्या पालकांना तो मिळाला. एप्रिल २०२४ पासून प्रत्येक कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आहे आणि मालकाला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. दुसरा, घरून काम हा पाळणाघराला पर्याय मानू नये. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवरील पाळणाघराचे बंधन कसोशीने तपासावे आणि अंगणवाडीला जोडलेल्या ‘पाळणा’ योजनेचा विस्तार करावा. कारण परिचारिका, शिक्षिका, शेतमजूर स्त्री यांचे काम घरून होत नाही. तिसरा, मातृत्व रजेच्या वेतनाचा वाटा सार्वजनिक निधीतून. जवळपास शंभर वर्षे रेंगाळलेली ती सूचना आता तरी पटलावर यावी.

यात अडचणी आहेत. लहान उद्योगांना प्रत्येक विनंती मान्य करता येणार नाही, आणि कायद्यानेही तशी सक्ती करू नये. परंतु नकार देणाऱ्याला कारण लिहावे लागले, की त्याला विचारही करावा लागतो. २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका सहायक प्राध्यापिकेच्या बालसंगोपन रजेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की नोकरी-व्यवसायातील स्त्रियांचा सहभाग ही मेहेरबानी नसून घटनादत्त अधिकार आहे. ते वाचताना मला माझा शेरा आठवला. त्या नस्तीवर मला ‘प्रशासकीय निकड’ या दोन शब्दांऐवजी खरे कारण लिहावे लागले असते, तर लिहिण्याजोगे कारण माझ्यापाशी नव्हते.