दहापैकी दहाची शाळा
मेरीलँडमध्ये घर शोधणारा मराठी माणूस आधी शाळेचं रेटिंग बघतो. ‘हॉवर्ड काउंटी बेस्ट! बाल्टिमोर सिटी? नको रे बाबा!’ मीही तेच केलं.

पण राव, रेटिंग मोजतं काय? मुख्यतः टेस्टचे मार्क. आणि मार्क चालतात आईबापाच्या पगाराच्या मागे मागे.

इथे शाळा काउंटीच्या हाती: २३ काउंट्या, अधिक बाल्टिमोर सिटी. काउंटी श्रीमंत, तर टॅक्स भरपूर. गरीब भागाला राज्य जास्त मदत देतं. २००२ आणि २०२१चे कायदे त्यासाठीच.

यावर ठरलेला टोमणा: ‘एवढा पैसा ओतूनही निकालाची बोंबच!’ अहो, गरिबाघरच्या मुलाला शिकवायला खर्च जास्तच लागतो.

आपण घरापायी जादा डॉलर मोजतो ते श्रीमंत शेजाऱ्यांसाठी. निदान कबूल तरी करूया!