झाकून ठेवलेले यंत्र

वर्षातून दोन-चार वेळाच चालणारे यंत्र घरात ठेवावे की विकून टाकावे? प्रश्न किरकोळ वाटेल. कला शाखेच्या वार्षिक अंकात तो कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु या प्रश्नाचा आपल्या शिक्षणाशी जवळचा संबंध आहे, असे मला वाटते.

यंत्र म्हणजे लाकूड कातण्याचे लेथ. दोन टोकांमध्ये लाकडाचा तुकडा धरायचा, मोटारीने तो फिरवायचा आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावून गोल आकार काढायचा. पलंगाचे खूर, पाळण्याच्या दांड्या, देव्हाऱ्याचे खांब, लाटणी, ताकाच्या रव्या, भोवरे हे सारे याच यंत्रावर तयार होत असे. पुढे प्लायवूड आले. सपाट तक्ते कापायचे, जोडायचे, वर सनमायका चिकटवायचा, की झाले कपाट. पलंगही पेटीसारखा चौकोनी झाला. रवीची जागा मिक्सरने घेतली. लेथ बिघडले नाही, त्याचे काम मात्र गेले.

आमच्या घरी असे एक लेथ ताडपत्रीखाली उभे आहे. काका म्हणतात, "काढून टाका, तक्ते ठेवायला जागा होईल." वडील म्हणतात, "राहू दे." घरातला हा वाद मी अर्थशास्त्राच्या कसोटीवर लावून पाहिला.

यंत्राला पूर्वी किती पैसे मोजले, हा विचार आज निरुपयोगी आहे. तो बुडीत खर्च. विजेचेही कारण पुढे करता येत नाही. एक अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराने तासभर चालली तरी साधारण पाऊण ते एक युनिट वीज घेते, आणि बंद यंत्र तर काहीच घेत नाही. खरा खर्च आहे तो अडलेल्या जागेचा. शिवाय वर्षाकाठी चार खूर कातायचे असतील, तर ते दुसऱ्या कातकाम करणाऱ्याकडून करून घेता येतात. या हिशेबाने काकांचे म्हणणे बरोबर ठरते.

पण या हिशेबात एक रकमेची बाजू सुटली आहे. लेथ विकले तर उद्या दुसरे विकत मिळेल, कातणारा हात बाजारात मिळणार नाही. पटाशी किती कलती धरावी, लाकडात गाठ आली हे आवाजावरून कसे ओळखावे, हे हाताला वर्षानुवर्षांच्या सवयीने कळते. कर्नाटकातील चन्नपट्टणला आजही लेथवर खेळणी कातली जातात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग चढतो. तेथे यंत्र टिकले आहे, कारण ते चालवणारे हात आहेत आणि त्या मालाला गिऱ्हाईक आहे.

म्हणूनच वडिलांचे "राहू दे" हेही मला पुरेसे वाटत नाही. दसऱ्याला हळदकुंकू वाहिल्याने यंत्र जिवंत राहत नाही. ताडपत्रीखाली ते गंजत असेल, तर आपण केवळ आठवण सांभाळतो, विद्या नव्हे.

माझे मत असे: त्यावर कोणी शिकत असेल तर यंत्र ठेवावे. एक वर्षाची मुदत घालावी. वर्षभरात कोणी शिकले नाही, तर ते विकावे. मात्र भंगारात वजनावर न देता, दोन पैसे कमी आले तरी चालवणाऱ्याच्या हाती द्यावे.

मग शिकणार कोण? इथे प्रश्न आपल्यापाशी येतो. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे, असा विचार मांडला. आपण तो परीक्षेत टिपेपुरता लिहितो. माझ्यासारखी कॉलेजात येणारी घरातली पहिलीच पिढी असली, तर वडील सांगतात, "तू शीक, या कामाकडे येऊ नकोस." त्यामागे त्यांचे कष्ट आहेत, बलुत्याच्या धान्यासाठी दारोदार उभ्या राहिलेल्या मागच्या पिढ्यांची आठवण आहे. त्यांना दोष कसा देणार? परंतु पदवी मिळवायची तर हातातली विद्या सोडलीच पाहिजे, ही अट कोणी घातली? आपल्या मुलाने हे काम नाइलाजाने करू नये, एवढेच त्यांना हवे आहे. आवडीने शिकण्याला त्यांची हरकत असेल, असे मला वाटत नाही.

मी वडिलांपुढे ही मुदत मांडली आहे आणि रविवारचे दोन तास मागितले आहेत. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. मित्रहो, तुमच्याही घरी एखादा माग, एखादे कुंभाराचे चाक, एखादी ऐरण अशीच पडून असेल. ती विकण्याआधी घरात एकदा विचारा, "मला शिकवाल का?" उत्तर काहीही आले, तरी विकायचे की ठेवायचे हे ठरवणे त्यानंतर सोपे जाईल.