जपानहून आणायचीच तर एक फळी आणा

मे महिन्यातला दुसरा रविवार. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. सिंहगड व्हॅलीतला स्वर्गीय नर्तक, पांढरीशुभ्र शेपटी पाण्यावर झुलवत असलेला. फोटो खरंच सुंदर होता. खाली बदाम, टाळ्या, 'वॉव', 'काका, तुम्ही एक्झिबिशन भरवा'.

आठ पंचवीसला दुसरा फोटो आला. पार्किंगचं छत, नवा कोरा पांढरा रंग. 'रंगकाम सुरू. सर्व घाण काढून टाकली आहे.' त्यालाही बदाम, त्यालाही टाळ्या. बहुतेक त्याच लोकांच्या.

त्या 'घाणी'त लालबुडी भिंगरीची दोन घरटी होती. चिखलाची. मडकं छताला उलटं चिकटवून त्याला आडवी नळी जोडावी, तशी. खाली गेलो तेव्हा वॉचमनदादा सुपलीत काहीतरी भरत होते. म्हणाले, "साहेब, एकात पिल्लं होती. तीन."

आता कबुली देऊन टाकतो. रंगकामाच्या आधी ग्रुपवर पोल आला होता, 'पार्किंगमधील जाळी, जळमटं व घरटी साफ करणे : हो / नाही'. मी कन्कॉलवर होतो. न वाचता 'हो' दाबलं. तेव्हा पुढचं सगळं जे लिहितोय ते आधी मला लागू आहे, मग तुम्हाला.

मी दोन वर्षं तोक्योत ऑनसाइट होतो. निशि-कासाईला, म्हणजे जिथे पुण्या-चेन्नईची निम्मी आयटी जनता राहते तिथेच. एदोगावा वॉर्डातला हा भाग २००० सालच्या आसपास, ते वायटूके प्रकरण झालं तेव्हापासून भारतीयांनी भरत गेला. इतका की २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ तिथल्या वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. पोहे मिळतात, तूरडाळ मिळते, गणपती बसतो. आणि तिथून परत आलेला प्रत्येक माणूस पुढची पाच वर्षं एकच भाषण करतो. ट्रेन कशा सेकंदावर येतात. कचरा कसा वेगळा करतात. रस्त्यावर कागदाचा कपटा कसा दिसत नाही. आपल्याकडे हे होणे नाही बॉस!

मीसुद्धा हे भाषण केलंय. धायरी फाट्यावरच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर तर फार रंगतं.

पण या भाषणात एक गोष्ट कधीच येत नाही, कारण आपल्यातल्या बहुतेकांनी ती पाहिलेलीच नसते. मार्चच्या शेवटी तोक्योत भिंगऱ्या येतात. जपानीत त्सुबामे. आपल्याकडे हिवाळ्यात विजेच्या तारांवर ओळीने बसलेली माळभिंगरी असते ना, तीच जात. त्यांच्या भिंगऱ्या हिवाळा फिलिपाइन्स वगैरेकडे काढतात आणि आपल्याकडे येणाऱ्या वेगळ्या, पण पक्षी तोच. १ एप्रिलला तिथल्या कंपन्यांत नवी पोरं काळे सूट घालून रुजू होतात, त्याच सुमाराला या बाया जुन्या पत्त्यावर हजर होतात. पत्ता कुठला, तर भाजीवाल्याच्या दुकानाची कनात, औषधाच्या दुकानाचा बोर्ड, स्टेशनच्या जिन्यावरचा दिवा. भर गर्दीत, माणसाच्या डोक्यावर दोन हात. माणसं असतात तिथे कावळे आणि साप कमी फिरकतात, हा तिचा साधा हिशेब.

बरं, शिटते ती तिथेही. जपानी भिंगरी काही शिस्तीचं ट्रेनिंग घेऊन येत नाही. मग तो स्वच्छतेचा भोक्ता जपानी माणूस काय करतो? घरट्याच्या खाली वीतभर अंतरावर एक फळी ठोकतो. फळी नसेल तर पुठ्ठा. काही जण जुनी छत्री उलटी टांगतात. खाली हाताने लिहिलेला कागद : 'वर पिल्लं वाढत आहेत, जरा सांभाळून.' पिल्लं उडाली की फळी धुऊन ठेवतो. संपलं. एनजीओ नाही, ॲप नाही, 'ईको-इनिशिएटिव्ह' नाही. भिंगरी ज्या दुकानात घर करते तिथे बरकत येते, अशी जुनी समजूत आहे तिथे. १९३० साली त्यांनी तोक्यो-कोबे धावणाऱ्या सगळ्यात वेगवान गाडीला 'त्सुबामे' नाव दिलं. आज क्युशूच्या शिंकानसेनलाही तेच नाव आहे.

आमच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ सायकली दुरुस्त करायचे. त्यांच्या दुकानाचं शटर रात्री पूर्ण खाली यायचं नाही, वीतभर फट ठेवलेली असायची, कारण घरटं आत होतं. मी मोडक्या जपानीत विचारलं, चोरी झाली तर? ते हसून काहीतरी बोलले, मला अर्ध कळलं. पण शटर संपूर्ण मोसमात तेवढंच उघडं राहिलं.

आता थांबा. 'बघा, जपानी लोक किती महान' हे म्हणायला मी बसलेलो नाही. जपानने पक्ष्यांशी काय केलंय हेही ऐका. टोकी नावाचा पक्षी, आपल्या शराटीचा भाऊबंद. शास्त्रीय नावच निप्पोनिया निप्पोन, म्हणजे देशाचं नाव दोनदा. पिसांसाठी शिकार झाली, पुढे भातशेतीतल्या औषधांनी खाणं संपवलं. १९८१ साली साडो बेटावरचे शेवटचे पाच जंगली पक्षी पकडून पिंजऱ्यात ठेवावे लागले. जपानमध्ये जन्मलेली शेवटची टोकी २००३ साली मेली. मग चीनने दिलेल्या पक्ष्यांपासून पैदास करून २००८ साली दहा पक्षी साडोत सोडले आणि त्यांच्यासाठी तिथल्या शेतकऱ्यांना औषधफवारणी कमी करावी लागली. नद्यांचंही तेच. आधी दोन्ही काठ काँक्रीटने बांधून काढले आणि १९९७ साली नदीच्या कायद्यात दुरुस्ती करून 'पर्यावरण' हा शब्द घातला. भिंगऱ्याही तिथे कमी होताहेत. शहरात घरट्याला ओला चिखल मिळत नाही. आणि हो, घाणीच्या नावाखाली घरटी पाडणारे लोक जपानमध्येही आहेतच.

म्हणजे जपान हा काही पहिल्यापासून शहाणा देश नाही. त्याने नासधूस करून, किंमत मोजून मग शिकलेल्या काही गोष्टी आहेत, आणि काही आजोबांकडून आलेल्या आहेत. आपण नेमकं काय उचलतो, हा माझा भांडणाचा मुद्दा आहे.

आपण काय उचललं ते सिंहगड रोडवरच आहे. पु. ल. देशपांडे उद्यान. २००६ साली सुरू झालेली पुणे-ओकायामा मैत्री बाग. ओकायामाच्या तीनशे वर्षं जुन्या कोराकुएन बागेवरून बेतलेली, दहा एकर. छान आहे, मी जातो. पण तिकीट काढून आत जायचं, आखलेल्या वाटेवरून फिरायचं, फोटो काढायचे आणि बाहेर येऊन पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर यायचं. आपल्याला जपान हवा तो कंपाउंडच्या आतला. निसर्गही तसाच हवा. त्याची एक ठरलेली जागा आणि एक ठरलेली वेळ पाहिजे. जागा सिंहगड व्हॅली, वेळ रविवार सकाळ.

त्या व्हॅलीचंही बोलू. आतकरवाडीच्या बाजूला रविवारी सकाळी जाऊन बघा. चार-पाच लाखांच्या लेन्सेस, अंगावर जंगलरंगाचे कपडे, समोर माणसाने भरलेलं पाण्याचं डबकं, कुठेतरी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजतोय. बिचारा नर आपल्या हद्दीत कोण घुसलं म्हणून पिसं फुलवून येतो आणि धडाधड शटर वाजतात. ऐन विणीच्या हंगामात त्याला दहा वेळा खोट्या शत्रूशी भांडायला लावायचं आणि वर 'नेचर ॲट इट्स बेस्ट' लिहायचं. सगळे असे नाहीत, शांत बसून नोंदी ठेवणारे लोक मला माहीत आहेत. पण ते ग्रुपवर बदाम गोळा करायला येत नाहीत.

पक्ष्यांवर प्रेम करायला कुणाची हरकत नाही. फक्त ते प्रेम वीस किलोमीटरवर सुरू होतं आणि स्वतःच्या पार्किंगच्या तोंडाशी संपतं, तेव्हा त्याला छंद म्हणा, प्रेम म्हणू नका.

यावर मला ग्रुपवर मिळालेली उत्तरं :

एक, 'गाड्यांवर घाण होते.' होते. म्हणून फळी. अंडी उबवायला साधारण दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी तीन-साडेतीन. म्हणजे एका विणीला पाच-सहा आठवडे. आपली सोसायटी लिफ्ट दुरुस्त करायला याहून जास्त वेळ घेते.

दोन, 'पक्ष्यांच्या विष्ठेने फुप्फुसाचे आजार होतात.' कबुतरांच्या बाबतीत ही भीती खोटी नाही. पण कबुतरं वाढतात ती आपण पोत्याने दाणे टाकतो म्हणून. भिंगरी दाणे खात नाही, उडते किडे हवेतच पकडून खाते. एका छताखाली शंभर कबुतरं आणि भिंगरीची दोन जोडपी यांना एकाच पोलमध्ये घालणं म्हणजे एक बग दिसला म्हणून अख्खा सर्व्हर फॉरमॅट करण्यासारखं आहे.

तीन, 'पक्ष्यांनी जंगलात जावं ना.' ही धायरी आहे साहेब. आपण जिथे पार्किंग केलंय तिथे तुमच्या-माझ्या आधी शेत होतं. २०१७ साली धायरीचा उरलेला भाग महापालिकेत गेला, त्याच्या आधीपासूनच टेकडीच्या पोटापर्यंत इमारती चढल्या होत्या. भिंगरी पूर्वी कड्याच्या कपारीला, पुलाखाली घर करायची. आपण काँक्रीटच्या कपारी उभ्या केल्या, ती आली. तिच्या दृष्टीने धारेश्वरच्या देवळामागची टेकडी आणि आपली बी विंग यात फार फरक नाही. मे महिन्यात ओला चिखल कुठे मिळतो तिला, माहितेय? आपला पाण्याचा टँकर गळतो ना, त्या डबक्यात. आपल्या टंचाईतून ती घर बांधते आणि आपण ते झाडूने पाडतो.

चार, 'कायद्याने काय होतं?' कायद्याने बरंच होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी-घरटी विस्कटणं येतं. पण मला पोलीस-फॉरेस्ट काही करायचं नाही. ज्याला पिल्लांचं काही वाटत नाही त्याला कलमाचं काय वाटणार?

आणि पाचवं उत्तर, सगळ्यात आवडतं : 'हे सगळं जपानमध्ये ठीक आहे, आपल्याकडे नाही चालत.'

इथे मात्र माझं डोकं फिरलं. आपल्याकडे नाही चालत? माझ्या आजीच्या घरी दर उन्हाळ्यात चिमण्या देवघराशेजारच्या फोटोफ्रेममागे घरटं करायच्या. गवताच्या काड्या दिवसभर खाली पडायच्या. आजी वैतागायची, तोंडाने 'मेल्यांनो' म्हणायची, पण घरट्याला हात लावू द्यायची नाही. फोटोखाली जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरायची आणि संध्याकाळी झटकून टाकायची. पंखा लावायचा नाही, पिल्लं कापली जातील म्हणून. मे महिन्यात, पंख्याविना! लहानपणी या घरात राहिलेले लोक आज पन्नाशी-साठीचे आहेत आणि तेच सोसायट्यांच्या कमिट्यांवर आहेत. यांना फळी जपानकडून शिकावी लागते?

म्हणजे ती फळी जपानची नाहीच. आपल्याच घरातली आहे. वाड्यातून फ्लॅटमध्ये येताना सामानात राहून गेली, एवढंच.

माझी मागणी छोटी आहे. मार्च ते सप्टेंबर रंगकाम काढायचं असेल तर आधी छत बघा. घरटं असेल तर त्याच्या भोवतीचा हातभर भाग रंगवू नका, पिल्लं उडाली की रंगवा. रंगाऱ्याला हे आधी सांगा, तो बिचारा सांगितलं तेच करतो. पोल टाकताना 'जळमटं' आणि 'घरटी' एका ओळीत लिहू नका. आणि माझ्यासारखं न वाचता 'हो' दाबू नका.

आमच्याकडच्या दोन घरट्यांचं आता काही होणार नाही. पण जागा त्या पक्ष्यांच्या लक्षात राहते, ते पुन्हा तिथेच येऊ शकतात. बुधवारी संध्याकाळी एक जोडी टँकरच्या डबक्याशी दिसली. शेजाऱ्यांकडे फर्निचरचं काम चाललंय, त्यांच्याकडून प्लायचा एक तुकडा फुकट मिळाला. शनिवारी सकाळी जुन्या जागेच्या खाली तो ठोकत होतो, तर सेक्रेटरी आले. नव्या रंगात दोन खिळे बघून त्यांचा चेहरा पडला. "हे काय लावताय?"

आजीचं लुगडं, चिमण्या, कायदा, कलम सगळं तोंडाशी आलं होतं. पण मग म्हटलं, "जपानी टेक्नॉलॉजी आहे काका. तोक्योत सगळीकडे लावतात."

"अस्सं? मग असू दे," म्हणाले. :-)