भय, बंध आणि कायदा

बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी दर्ग्यावर दूरदूरची कुटुंबे आपल्या मनोरुग्ण आप्तांना घेऊन येतात. काहींच्या पायांत साखळ्या असतात. त्यामागे बहुधा क्रौर्यापेक्षा भय अधिक असते : रुग्ण निघून जाईल, स्वतःस किंवा इतरांस इजा करील. हे भय साधार असते. परंतु साखळीतला धोका त्याहून मोठा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जणांचा मृत्यू झाला.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने (कलम ९५) साखळीने बांधणे सर्वथा निषिद्ध ठरविले. तथापि कुटुंबाचे भयही त्याने दुर्लक्षिले नाही. आजार तीव्र होऊन रुग्ण हिंसक झाल्यास, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून त्यास ३० दिवसांपर्यंत रुग्णालयात ठेवता येते (कलम ८९). मात्र मानसोपचारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते आणि रुग्णास पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ प्रथम सांगितला आहे. जनावर बांधतानाही विवेक बाळगणाऱ्या घराने आप्ताविषयी भय वाटू लागताच जिल्हा रुग्णालयाची वाट धरावी.